भीती आधी की अफवा?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून मराठवाडा झोपला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील पन्नासहून अधिक गावे जमीनदोस्त झाली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. देवणी हे गाव किल्लारीपासून सरळ रेषेत ५० किलोमीटरहून अधिक दूर, कर्नाटकाच्या सीमेलगत आहे. देवणीसारख्या पूर्वेकडच्या गावांनाही धक्का जाणवला, पण किल्लारीसारखा विध्वंस तिथे झाला नाही. त्या भूकंपाच्या इतिहासात अशा गावांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते.

मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही गावे महत्त्वाची आहेत. ‘याहून मोठा भूकंप येणार’ अशी अफवा कुठे अधिक पसरेल? जिथे घरे पडली तिथे, की जिथे ती उभी राहिली तिथे? व्यवहारज्ञान विचार न करता उत्तर देईल: जिथे नुकसान मोठे तिथे भीती मोठी, आणि जिथे भीती तिथे अफवा.

व्यवहारज्ञानाला कमी लेखण्याचे कारण नाही. देवणी जातीचा वळू पारखणारा शेतकरी अंगावरचे काळे-पांढरे पट्टे, खांदा, चाल पाहून जे सांगतो, त्यामागे पिढ्यांचा अनुभव असतो. पण त्या अनुभवाची परीक्षा होत असते. पारख चुकली की दोन-तीन वर्षांत वासरेच ते दाखवून देतात. माणसाच्या मनाविषयीच्या आपल्या समजुतींना असा हिशेब क्वचितच द्यावा लागतो. ‘शितावरून भाताची परीक्षा’ असे आपण म्हणतो आणि ‘दिसतं तसं नसतं’ असेही म्हणतो. काम फत्ते झाले की ‘गाव करी ते राव न करी’, आणि फसले की ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’. घडून गेलेल्या कोणत्याही गोष्टीला लागू पडेल अशी म्हण आपल्याजवळ तयार असते. म्हणूनच तिने पुढचे काही सांगता येत नाही.

अफवेच्या प्रश्नाचा इतिहास बिहारपासून सुरू होतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळ भूकंपाने उद्ध्वस्त झाले. हा अस्पृश्यतेच्या पापाचा दंड आहे, असे गांधीजी म्हणाले. नैसर्गिक घटनेला असा नैतिक अर्थ लावण्यास रवींद्रनाथांनी जाहीर हरकत घेतली. याच काळात पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद एक साधे काम करत होते. लोकांच्या तोंडी फिरणाऱ्या अफवा ते टिपून घेत होते. पाटण्यावर प्रचंड वादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, फेब्रुवारीत अमुक तारखेला प्रलय होणार, अशा त्या अफवा. १९३५ मध्ये त्यांचा अभ्यास ब्रिटनच्या मानसशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या अफवा प्रामुख्याने ज्या भागातल्या होत्या, तिथे धक्का जोराचा आणि बराच वेळ जाणवला होता. नासधूस मात्र फारशी झाली नव्हती.

एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हते. जिथे खरोखर नाश झाला, तिथे लोक काय बोलत होते? तुलनेची ही बाजू दुर्गानंद सिन्हा यांच्या अभ्यासातून मिळाली. पुढे अलाहाबाद विद्यापीठात मानसशास्त्र विभाग उभारणाऱ्या सिन्हांनी १९५० मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्यानंतर तिथल्या लोकांत फिरणाऱ्या वार्ता अभ्यासल्या आणि १९५२ मध्ये त्या मांडल्या. झालेल्या हानीची अतिशयोक्ती तिथेही होती. पण ‘याहून भयंकर काही येणार’ अशा भाकितांचा प्रसादांनी नोंदवलेला पूर तिथे दिसला नाही.

अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर यांनी हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवून वाचले आणि प्रश्नच उलटा केला. अफवेने भीती निर्माण होते हे आपण गृहीत धरतो; पण भीती आधी आली असेल आणि तिला कारण हवे असेल तर? दार्जिलिंगमधल्या माणसाच्या भीतीला समोरचा ढिगारा पुरेसा होता. बिहारमधल्या त्या माणसाचे काळीज धडधडत होते आणि भोवती सगळे जागच्या जागी होते. ‘प्रलय येणार आहे’ ही बातमी त्याची भीती वाढवत नव्हती, तिला आधार देत होती. या धाग्यावरून फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मनातील विसंगतीचा सिद्धांत मांडला: परस्परांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी मनात आल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि त्यांचा मेळ घालू पाहतो.

अर्थात हेही घडून गेल्यानंतरचे स्पष्टीकरणच होते. बिहार आणि दार्जिलिंग यांत फरक एकच नव्हता: एकीकडे भूकंप, दुसरीकडे दरडी, वर्षे वेगळी, माणसे वेगळी. म्हणून ज्याचे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकेल असा प्रयोग हवा होता. १९५९ मध्ये फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थ्यांना तासभर अत्यंत कंटाळवाणे काम दिले आणि नंतर ‘काम मजेचे होते’ असे पुढच्या व्यक्तीला सांगायला लावले. या खोट्याबद्दल काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. तिसऱ्या गटाला काहीच सांगायचे नव्हते. २० डॉलर मिळालेल्यांना काम अधिक आवडेल, असे व्यवहारज्ञान म्हणेल. झाले उलट. १ डॉलरवाल्यांनीच ते अधिक चांगले होते असे सांगितले. एवढ्याशा पैशात खोटे बोलल्याचे कारण त्यांच्याजवळ नव्हते, म्हणून त्यांनी मत बदलले.

गोष्ट इथे संपली असती तर तीही एक म्हण झाली असती. याच सिद्धांताच्या आणखी एका गाजलेल्या प्रयोगप्रकारात लोकांना स्वतःच्या मताविरुद्ध निबंध लिहायला लावतात. अनेक देशांतील ३९ प्रयोगशाळांनी मिळून त्याची केलेली फेरतपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या मर्जीने लिहिणाऱ्यांचे मत सक्तीने लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक बदलेल, ही अपेक्षा तिथे खरी उतरली नाही. साठ-पासष्ट वर्षे पाठ्यपुस्तकांत बसलेल्या सिद्धांताला त्याच क्षेत्रातील माणसांनी पुन्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. कोणत्याही म्हणीला आपण असे उभे करत नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न संपलेला नाही. किल्लारीनंतर डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास झाला, कारण दुःख पत्र्याच्या शेडने आणि धान्याने संपत नाही हे मान्य झाले होते. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातील हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीतला भूकंप नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. अशा वेळी प्रशासन अफवांवर विश्वास ठेवू नका असे बजावते आणि जाणती माणसे म्हणतात, ‘घर तर उभं आहे, मग भीती कसली?’

प्रसाद आणि सिन्हा यांची नोंद खरी धरली तर हा प्रश्नच उलटा आहे. घर उभे आहे म्हणूनच भीतीला कारण सापडत नाही, आणि ते शोधण्यासाठी माणूस फोनवर आलेली प्रलयाची तारीख पुढे पाठवतो. त्याला दटावल्याने भीती जात नाही, नवे कारण शोधू लागते. हे देवणीत खरे आहे का, हे ठरवण्याचा मार्ग १९३४ इतकाच साधा आहे: पुढचा हादरा बसेल तेव्हा केंद्राजवळच्या आणि दूरच्या गावांत कोण काय बोलते ते तारखेनिशी लिहून ठेवायचे, मोजायचे, आणि आपला अंदाज चुकला तर तसे छापायचे.