केवडा पडला, पण कोणता?

चुनखडीच्या रानात उसाच्या खोडव्याची कोवळी पानं पिवळी आणि पुढे पांढुरकी पडली की शेतकरी म्हणतो, 'केवडा पडला.' शिरा हिरव्या, मधली पट्टी फिकी. त्या पानात केवड्याच्या कणसाचा रंग ज्याने पहिल्यांदा ओळखला, त्याची नजर पक्की होती. संस्कृत 'केतक' प्राकृतातून झिजत 'केवडा' झाला, आणि सुगंधी फुलाचं नाव निव्वळ रंगावरून रोगाला चिकटलं. उसात हा केवडा लोहाच्या कमतरतेचा. लोह जमिनीत असतं, पण चुन्यामुळे विरघळत नाही. म्हणून हिराकस फवारतात. त्यातला 'कस' म्हणजे संस्कृत 'कासीस', लोहाचाच क्षार.

मक्याच्या अभ्यासकांनीही नाव असंच डोळ्यांनी ठेवलं. पुढे नोबेल मिळवणाऱ्या जॉर्ज बीडल यांनी १९२९ साली अमेरिकेत अशाच पट्टेरी मक्याची नोंद केली: 'यलो स्ट्राइप'. हा केवडा जमिनीचा नव्हे, बियाण्यातच आलेला, जनुकातलं उत्परिवर्तन.

गवताच्या कुळातली पिकं मुळांतून एक आम्ल सोडतात. ते मातीतल्या लोहाला धरतं आणि ही जोडीच मुळात शिरते. या आम्लांचं कुळनाव 'म्युजिनिक', जपानी 'मुगी'वरून; तिथल्या संशोधकांना ते जवाच्या मुळांशी सापडलं. 'मुगी' म्हटलं की जपानीत जव, गहू, ओट सगळेच आले. 'यलो स्ट्राइप-१' मक्यात आम्ल नीट सुटतं, पण लोहासकट त्याला आत घेणारं प्रथिनच बिघडलेलं असतं. ते जनुक २००१ मध्ये हाती लागलं. 'यलो स्ट्राइप-३'मध्ये उलट गत: आम्ल तयार होतं, पण मुळाबाहेर पडत नाही. पानं बघाल तर दोन्हीकडे तेच पिवळे पट्टे. नावापुढे आकडा आहे म्हणून घोटाळा टळतो.

आपल्या केवड्यापुढे असं काहीच नाही. बाजरीचा केवडा बुरशीसारख्या जीवामुळे येतो, मूग-सोयाबीनचा विषाणूमुळे, आणि तो पांढरी माशी पसरवते. तिथे हिराकस फवारून पैसा आणि हंगाम दोन्ही जातात. शब्द टाकून देऊ नये. इतकं नेमकं नाव पुस्तकी परिभाषेला सुचलं नसतं. कृषिसल्ला लिहिणाऱ्यांनी मात्र नुसतं 'केवडा' लिहून थांबू नये. 'लोहाचा केवडा', 'माशीचा केवडा' असं लिहावं.