नगरचा पथारीवरील व्यापार व आपला कासार समाज

मलिक अहमद निजामशहाने सीनेकाठी वसविलेले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, इंग्रजी अमदानीत लुगडी व तांब्यापितळेची भांडी यांसाठी नावारूपास आले. तथापि आपले सर्वच पूर्वज दुकानदार नव्हते. बांगड्यांचे ओझे खांद्यावर घेऊन ते आठवडे बाजार व गल्ल्या फिरत; खेड्यात मोल पुष्कळदा धान्यरूपानेच मिळे.

अशा विक्रेत्यास शहरात वाटेतील अडथळा मानण्याचा प्रघात पडला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९८९ साली सोदानसिंग प्रकरणात, वाजवी निर्बंधांस अधीन राहून, पदपथावरील विक्री हा घटनादत्त व्यवसायस्वातंत्र्याचा भाग ठरविला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण व विक्री प्रमाणपत्र यांची तरतूद केली. सर्वेक्षण पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यास हटविता येत नाही. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात.

परंतु नोंदणीवाचून हा हक्क कागदावरच राहतो. ज्या घराण्यांनी पथारीपासून पेढीपर्यंत मजल मारली, त्यांनी आजही पथारीवर बसणाऱ्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस अर्ज भरण्यास साह्य करावे. पूर्वजांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.