निळी कुत्री आणि दोन प्रकारचे कोळी

ऑगस्ट २०१७ मधला तो फोटो आठवतोय? तळोजा एमआयडीसीत हिंडणारी निळी कुत्री! मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो आणि हॉस्टेलवर आठवडाभर निळ्या कोल्ह्याच्या गोष्टीवरून विनोद चालले होते. जगभरच्या पेपरांत पनवेल तालुका झळकला, तो असा. मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगाचा एक कारखाना बंद करायला लावला, कुत्र्यांचा रंग धुऊन निघाला, आणि आम्ही सगळे पुढच्या विनोदाकडे वळलो.

परवा सहज त्या जुन्या बातम्या परत वाचल्या, तेव्हा एक ओळ डोक्यात अडकली. कुत्री कासाडी नदीत कशाला उतरायची? तर खायला काही मिळतंय का ते बघायला. म्हणजे जमिनीवरचं जनावर पोटासाठी पाण्यात! आपल्याला वाटतं नदी वेगळी आणि काठ वेगळा, नदीत घाण सोडली तर फार तर मासे मरतील. पण या दोन सिस्टिम्स एकमेकींवर इतक्या अवलंबून आहेत की एक बंद पडली की दुसरीत बग दिसायला लागतात.

हे आकड्यांत मांडलं ते शिगेरु नाकानो नावाच्या जपानी संशोधकाने. होक्काइदो बेटावर होरोनाई नावाचा एक छोटा ओढा आहे. नाकानो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ओढ्याच्या काही भागांवर चक्क ग्रीनहाऊससारखी आच्छादनं घातली. झाडांवरून पाण्यात पडणारे किडे बंद! मग माशांनी तळाशी असलेले पाण्यातले किडे फस्त केले. ते किडे शेवाळ खायचे, ते उरले नाहीत म्हणून शेवाळ माजलं. हा पेपर १९९९ चा. त्यानंतर त्याने मासाशी मुराकामीबरोबर उलटा हिशोबही मांडला. पाण्यात वाढून पंख फुटल्यावर बाहेर पडणारे किडे काठावरच्या पक्ष्यांना वर्षाच्या एकूण ऊर्जेपैकी २५.६ टक्के पुरवतात, आणि जमिनीवरचे किडे माशांना ४४ टक्के. जंगलात पानं नसतात तेव्हा ओढा पक्ष्यांना पोसतो, आणि उन्हाळ्यात ओढ्यात किडे कमी असतात तेव्हा जंगल माशांना. उधार-उसनवारी, दोन्ही बाजूंनी.

हा पेपर २००१ च्या सुरुवातीला छापून आला तेव्हा नाकानो जिवंत नव्हता. मार्च २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातात बोट उलटून तो गेला, वय फक्त ३७. त्याच बोटीत गॅरी पोलिसही गेला. समुद्रातून येणाऱ्या अन्नावर वाळवंटी बेटांवरचे कोळी कसे जगतात याचा अभ्यास करणारा हा माणूस. वाचून मला बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

असो. तर कासाडी. तळोजा औद्योगिक वसाहत १९७० च्या दशकातली. सुमारे ९०० हेक्टर जागा, हजाराच्या आसपास कारखाने, त्यांत रसायनं आणि औषधांचे बरेच. नदी त्यांच्यामधून वाहत खाडीला मिळते. निळ्या कुत्र्यांच्या सुमारास छापून आलेल्या एका तपासणीत तिच्या पाण्याचा बीओडी लिटरला ८० मिलिग्रॅम निघाला होता. बीओडी म्हणजे घाण कुजवताना जंतू पाण्यातला किती ऑक्सिजन खातील त्याचं माप, आणि ६ च्या वर गेलं की माशांचं कठीण होतं. ही तपासणी व्हावी म्हणून आरडाओरडा केला तो कोळी बांधवांनी. त्यांच्या जाळ्यात मासे येईनात. २०१८ साली प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं आणि नंतर सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राने कोट्यवधी रुपये भरावेत असे आदेश निघाले.

जाळं विणणारे दुसरे कोळी मात्र लवादाकडे जाऊ शकत नाहीत. काठावरच्या झुडपांतला आठ पायांचा कोळी पाण्यातून वर येणाऱ्या किड्यांवर जगतो. खाणींतल्या धातूंनी बिघडलेल्या अमेरिकेतल्या ओढ्यांवर एक विचित्र गोष्ट आढळली : धातू बरेचसे अळीच्या कातीबरोबर पाण्यातच राहतात, पण पंख फुटून बाहेर येणारे किडेच घटतात. म्हणजे कोळ्याला विष मिळत नाही, तो उपाशी राहतो. पीसीबीसारखी रसायनं मात्र किड्याच्या अंगातून थेट कोळ्यापर्यंत जातात. तिथे मग जेवण मिळतं, पण विषासकट. कुत्रं निळं झालं म्हणून आपल्याला दिसलं. कोळी किंवा पाकोळी उपाशी राहिली तर फोटो कोण काढणार?

बरं, घाण पाण्यात कीटकच उरत नाहीत असंही नाही. ऑक्सिजन कमी झाला की मेफ्लायसारखे नाजूक गडी आधी जातात. उरतात त्या चिलटांच्या लालभडक अळ्या, कारण त्यांच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं. आणि उरतो क्युलेक्स डास, त्याला तर गटार म्हणजे फाइव्ह स्टार हॉटेल! त्याच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुराची पिल्लं तिथे टिकत नाहीत. कामोठे-खारघरला फ्लॅट घेतलेल्या मंडळींनी डासांबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीला बोल लावताना हे लक्षात घ्यावं, बिचारा एकटा काय करणार :)

आपल्या रायगडात हा पाण्या-जमिनीचा व्यवहार समजायला जपानी पेपर लागत नाही खरं तर. पहिल्या जोरदार पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढून भातखाचरांत शिरतात, अंडी घालायला. वलगण म्हणतात त्याला. रात्री बत्ती घेऊन लोक बांधावर, मागोमाग दिवसा बगळे. नदीतलं अन्न आपल्या पायांनी, म्हणजे परांनी, शेतात येतं. पण चढून यायला खाली मासे शिल्लक असावे लागतात.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला त्या रात्री मी बाल्कनीतली ट्यूबलाइट मुद्दाम चालू ठेवली. तासाभरात तिच्याभोवती जे काही जमलं ते जवळजवळ सगळं एकाच जातीचं दिसत होतं, बारीक चिलटं. पाल मात्र निवांत जेवत होती.