ॲक्रनचं गांडूळ

मऊ प्लास्टिकच्या आमिषाचा जन्म कोणत्याही किनाऱ्यावर झालेला नाही. गोव्याच्या खाड्यांपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत छोट्या होडीतून गरवणारे आज ज्या लवचीक, शेपूट हलवणाऱ्या माशावर भिस्त ठेवतात, त्याचं मूळ गाव अमेरिकेतल्या ओहायो राज्यात आहे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. त्या गावाचं नाव ॲक्रन. १८७०च्या सुमारास गुडरिचने तिथे रबराचा कारखाना घातला, पुढे गुडइयर आणि फायरस्टोनही तिथेच उभ्या राहिल्या, आणि ॲक्रन जगाची टायरनगरी झालं.

रबराची गांडुळं एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. पण ती ताठ होती. जिवंत गांडूळ पाण्यात वळवळतं. हे रबर ओढाल तसं मुकाट पुढे यायचं. मासा एकदा तोंड लावायचा आणि लगेच थुंकून द्यायचा.

१९२६ साली गुडरिचमधला रसायनतज्ज्ञ वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्याच्या हाताशी पीव्हीसी होतं, त्या काळी कडक, ठिसूळ आणि जवळजवळ निरुपयोगी समजलं जाणारं. जास्त तापमानाला उकळणाऱ्या एका द्रवात त्याने ते तापवलं. चिकटवायला काही मिळालं नाही, पण थंड झाल्यावर हाती आला एक लवचीक गोळा, दाबला तरी पुन्हा आकारावर येणारा. त्या तेलकट द्रवाचे रेणू पीव्हीसीच्या लांब साखळ्यांमध्ये शिरून बसतात, त्यामुळे साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. सेमनने त्याचे गोल्फचे चेंडू आणि बुटांच्या टाचा करून पाहिल्या. पुढे त्याचे रेनकोट निघाले, विजेच्या तारांवरचं वेष्टन निघालं. माझ्या मते या कुळकथेतला खरा मूळपुरुष ते तेल आहे; शेवटी पुन्हा त्याच्याकडेच यावं लागणार आहे.

त्याच ॲक्रनमध्ये निक क्रेम नावाचा यंत्रकाम करणारा माणूस राहत होता. १९४९ मध्ये त्याने आणि त्याची पत्नी कॉस्मा हिने घरातच खटपट सुरू केली. खऱ्या गांडुळावरून साचा घ्यायचा, व्हिनाइल, तेल आणि रंग यांचं मिश्रण तापवायचं आणि साच्यात ओतायचं. आजही पद्धत फारशी बदललेली नाही. पीव्हीसीची बारीक पूड तेलात कालवली की पांढरट, ओतता येईल असं मिश्रण होतं. १७५ अंश सेल्सिअसच्या आसपास ते पारदर्शक होतं आणि थंड झालं की बोटांत लवलवणारं आमिष तयार. १९५१ पासून क्रेम दांपत्याने ती गांडुळं टपालाने विकली, एका डॉलरला पाच.

पुढे हा व्यवसाय टेक्ससमधल्या टायलर गावी गेला. त्या भागात धरणांचे नवे जलाशय भरले होते आणि पाण्याखाली झाडंच्या झाडं उभी होती. उघडा गळ टाकला की फांदीत अडकलाच. म्हणून तिथल्या गरवणाऱ्यांनी गळाचं टोक पुन्हा प्लास्टिकच्याच अंगात खुपसून ठेवायला सुरुवात केली आणि पुढे टोकदार शिसं ओवलं. टोक झाकलेलं, पण माशाने चावा घेतला की मऊ प्लास्टिक दबून ते बाहेर येतं. कांदळवनाच्या मुळांत बसलेला तांब काढायला हीच मांडणी कामी येते, आणि ती सुचली बुडालेल्या झाडांमुळे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सत्तरच्या दशकात लुइझियानातल्या मिंडेनच्या ‘मिस्टर ट्विस्टर’ने चपटी, वळलेली शेपटी लोकप्रिय केली. सावकाश दोरी गुंडाळली तरी ती आपोआप थरथरते. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये मेवागिसी या कोळीवाड्याचं नाव झालं ते ‘रेड गिल’मुळे. वाळूत राहणाऱ्या बारीक, लांबट माशाची ती नक्कल. तिथे छोटी होडी ओढीबरोबर बुडालेल्या जहाजांवरून वाहू देतात, आमिष तळाला सोडतात आणि एकाच संथ गतीने वर घेतात. मासा मागे लागला तरी हात थांबवायचा नाही, हीच खरी परीक्षा.

समुद्रात या आमिषाने जम बसवला त्याला आणखी एक कारण झालं. १९९०च्या दशकात पॉलिथिलीनच्या तंतूंची विणलेली दोरी आली. ती जवळजवळ ताणली जात नाही. नायलॉनमध्ये विरून जाणारा हलका चावा तिच्यातून बोटाला कळतो. खाडीमुखाशी जिताड्यासाठी बसलेल्या माणसाला तर हे कळणं सर्वांत मोलाचं, कारण मासा बहुधा आमिष तळाकडे पडत असतानाच ते उचलतो. शिसं हलकं घ्यावं, पण तळ गाठील इतकं. उधाणाच्या जोरदार ओढीत ते साधत नाही. भांगाचे दिवस, जरा निवळलेलं पाणी आणि भरती-ओहोटीची उलटापालट, यात ते साधतं.

आता त्या तेलाकडे येऊ. साध्या कडक प्लास्टिकच्या डबीत ही आमिषं ठेवून पाहा, काही दिवसांत डबी चिकट होते, विरघळू लागते. तेल बाहेर पडत राहतं आणि पीव्हीसी मात्र कुजत नाही. फाटलेली शेपटी पाण्यात पडली की तिथेच राहते. माशाने गिळली तर त्याच्या पोटात पचत नाही. जपानच्या कावागुची सरोवरात याच कारणाने २००७ पासून मऊ आमिषांना बंदी आहे. अमेरिकेत ‘बर्कली’ने पीव्हीसीविना, पाण्यात कुजणारी ‘गल्प’ आमिषं आणली. पाकीट उघडं राहिलं तर ती वाळून कडक होतात, तेवढी काळजी घ्यावी लागते. ती जरूर वापरावीत.

पण पीव्हीसीची आमिषं अजून बरीच वर्षं आपल्या खाड्यांत फिरणार आहेत. म्हणून होडीत झाकणाची एक वेगळी बरणी ठेवा. तुटलेली शेपटी, चिरलेलं धड, गळावरून निसटलेला तुकडा, सगळं तिच्यात टाका आणि किनाऱ्यावर आणा. बरोबर नवशिका असेल, तर गाठ बांधायला शिकवण्याआधी त्याला ही बरणी दाखवा.