बाटणे एका क्षणाचे, बदलणे जन्माचे

आमच्या गोव्यात धर्मांतराची गोष्ट निघाली की पावाचा तुकडा हमखास येतो. पाद्रींनी विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्याले आणि अख्खा गाव बाटला. ही आख्यायिका मी किती जणांच्या तोंडून ऐकली असेल, त्याला गणती नाही. ती खरी की खोटी हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मला त्यातला 'बाटणे' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. माणूस बाटतो तो एका क्षणात. पाणी घशाखाली उतरले की काम झाले! त्याच्या मनाला कोणी काही विचारत नाही.

पण ख्रिस्ती परंपरा जिला अंतःकरणाचे परिवर्तन म्हणते, ती गोष्ट अशी क्षणात होते का?

याचे उत्तर आपल्याच मातीत सापडते. १५६७ च्या सुमारास साष्टीतली देवळे पाडली गेली. कोणी देव घेऊन जुवारी ओलांडून अंत्रुजात गेले, कोणी मागे राहिले आणि त्यांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचे पाणी पडले. १५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याचे बहुतेक आयुष्य याच साष्टीत गेले. नवख्रिस्ती लोकांची तक्रार त्याने आपल्या ग्रंथातच नोंदवली आहे. आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, असे ते विचारत. प्रश्न बिनतोड होता. नाव बदलले, देऊळ गेले, पण कथा ऐकणारे मन तेच राहिले होते. त्याला ओवी हवी होती. म्हणून स्टीफन्सने जवळजवळ ११,००० ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते राशोलला छापले गेले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने भागत नाही, हे एका पाद्रीनेच दिलेले केवढे मोठे प्रमाणपत्र!

त्या श्रोत्यांच्या मनात पुढे काय घडत गेले, हे सांगणारे त्यांचे आत्मचरित्र मात्र आपल्या हाती नाही. तसे एक आत्मचरित्र मराठीत आहे, पण ते त्यानंतर तीन शतकांनी आलेले. ते लिहिले एका नाशिककडच्या बाईने, आणि तिच्यावर कोणा राजसत्तेची सक्ती नव्हती.

लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यांच्या माहेरी सोवळ्याचा इतका अतिरेक होता की घरातल्या माणसांना श्वास घेणे मुश्किल व्हावे. पती नारायण वामन टिळक कवी, स्वभावाने भटके. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यानंतर वाचन, वाद आणि पत्रव्यवहार यांत जवळजवळ दोन वर्षे गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे त्या नातलगांकडे राहिल्या, त्यातला काही काळ तर पंढरपुरात.

पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊन! चूल वेगळी, पाणी वेगळे. मग हळूहळू एक प्रश्न त्यांना छळू लागला. ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असा निश्चय झाला. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. म्हणजे बघा, आधी सोवळे सुटले आणि श्रद्धा नंतर आली. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. तो या प्रवासातला एक मुक्काम होता. अनाथ मुलांना घरात घेणे, त्यांना आपल्या पोरांसारखे वाढवणे हे सगळे त्या वाटेवरच घडत राहिले.

टिळकांचेही तसेच. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' मांडला. जातीपंथापलीकडचा बंधुभाव हे त्यांचे स्वप्न होते. १९१९ साली ते गेले. त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. संसारात जिचे सोवळे नवऱ्याच्या आड आले होते, त्याच बाईने!

साष्टीत राजसत्तेचा धाक होता, टिळकांच्या घरात तो नव्हता. हा फरक विसरून दोन्हींना एकाच मापाने मोजता येणार नाही. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. धर्म बदलल्याची तारीख नोंदवहीत लिहिता येते, पण मन बदलल्याची तारीख कोणालाच लिहिता येत नाही.

आपण मात्र शेजारच्या किरिस्तांव कुटुंबाकडे बघताना अजून त्या विहिरीपाशीच थांबतो. 'ते मूळचे आमचेच, बाटले इतकेच' असे आपण सहज म्हणून जातो. त्या एका वाक्यात आपण त्यांच्या पंधरा-सोळा पिढ्यांची प्रार्थना, पश्चात्ताप आणि श्रद्धा पुसून टाकतो. पूर्वजांवर सक्ती झाली हा इतिहास आहे, तो सांगायलाच हवा. पण नातवंडांची श्रद्धा सक्तीची नाही, हाही इतिहासच आहे. लक्ष्मीबाई बाटल्या असे 'स्मृतिचित्रे' वाचून कोणी म्हणणार नाही. मग तोच न्याय आपल्या वाड्यावरच्या, आपल्याला ज्यांची कहाणी वाचायला मिळालेली नाही, त्या शेजाऱ्यांना का नसावा?