‘वीट’ या शब्दापासून संगणकापर्यंत : रिओच्या टेकडीवरील एक शाळा

१/ साल १९६३. ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळी पट्ट्यातील आंजिकोस हे छोटे गाव. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांच्या पद्धतीने तेथे सुमारे ३०० श्रमिकांना अवघ्या ४० तासांच्या वर्गांत लिहिता-वाचता करण्याचा प्रयोग झाला. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षरांना मताधिकार नव्हता. त्यामुळे अक्षरओळख ही तेथे राजकीय घटना होती.

२/ फ्रेरे यांचा धडा शिकणाऱ्याच्या जगण्यातून निघे. ‘तिजोलो’, म्हणजे ‘वीट’, हा असाच एक शब्द. वीट कोण घडवतो, घर कोणाचे उभे राहते, ही चर्चा आधी होई. अक्षरे मागाहून येत. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. फ्रेरे तुरुंगात गेले आणि पुढे सुमारे १५ वर्षे परदेशी राहिले.

३/ निरक्षरांना मताधिकार मिळाला तो १९८५ मध्ये. तोवर वेगळ्याच निरक्षरतेची चाहूल लागली होती. देशी उद्योगाच्या संरक्षणासाठी १९८४ च्या कायद्याने परदेशी संगणकांवर निर्बंध घातले होते. संगणक महाग आणि दुर्मीळ होते. १९९२ मध्ये हे संरक्षण संपले. सुखवस्तू घरांत संगणक येऊ लागले. टेकड्यांवरील ‘फावेला’ नावाच्या गरीब वस्त्या मात्र त्यापासून दूरच राहिल्या.

४/ रिओचा एक तरुण, रोद्रिगो बाजियो, याने वापरलेले संगणक गोळा करून या वस्त्यांना देण्याची मोहीम सुरू केली. पण शिकवणारा नसेल, तर यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते. म्हणून १९९५ मध्ये सांता मार्ता या फावेलात पहिली संगणक शाळा उघडली. पुढच्याच वर्षी मायकेल जॅक्सनच्या एका गाण्याचे चित्रीकरण झाले, ती हीच वस्ती.

५/ बाजियोच्या ‘सेदेई’ या संस्थेने पुढे जी रचना उभी केली, तिला ‘सामाजिक फ्रँचायझी’ म्हणतात. फ्रँचायझी म्हटले की एकाच नावाची, एकाच चवीची दुकाने आठवतात. मूळ मालक नाव आणि पद्धत देतो व मोबदला घेतो. येथे मध्यवर्ती संस्था यंत्रे, अभ्यासक्रम आणि शिक्षकांचे प्रशिक्षण देई. जागा, शिक्षक आणि रोजचा कारभार स्थानिक संघटनेचा. नफा वर पाठवण्याचा प्रश्नच नव्हता.

६/ विद्यार्थ्यांकडून अल्प शुल्क घेतले जाई. गरिबांकडून पैसे का घ्यावेत? कारण शाळेचा रोजचा खर्च भागायला हवा होता. देणगीदाराने हात आखडता घेतला, तरी वर्ग बंद पडू नये, हा त्यामागील हिशेब होता. शिवाय ज्या वस्तीने शाळा चालवायची, तिचाच शब्द तेथे चालायचा.

७/ मुले आणि तरुण तेथे केवळ टंकलेखन शिकत नव्हते. फ्रेरे यांच्या विचारानुसार वस्तीतील एखादा प्रश्न निवडायचा, त्याची माहिती जमवायची आणि संगणकाच्या साहाय्याने तो मांडायचा, अशी पद्धत होती. १९६३ च्या विटेची जागा आता वस्तीच्या प्रश्नाने घेतली होती.

८/ हे प्रारूप तुरुंगांत, आदिवासी समूहांत आणि लॅटिन अमेरिकेच्या इतर देशांतही पोहोचले. मर्यादाही उघड होत्या. जुनी यंत्रे बिघडत, तंत्रज्ञान पुढे जाई, आणि अल्प शुल्कावर दुरुस्ती व नवी खरेदी भागवणे सोपे नसे. मोबाइल आल्यावर शाळेचे मूळ रूपही बदलणे भाग पडले. संस्था आज ‘रेकोजी’ या नावाने ओळखली जाते.

९/ आंजिकोसमध्ये साक्षर होणाऱ्याला कायद्याने मत मिळू शकत होते. सांता मार्तात संगणक शिकणाऱ्या मुलाला कोणताही कायदा नवा हक्क देत नव्हता. म्हणूनच तेथे संगणकासोबत वस्तीचा प्रश्नही शिकवावा लागला. फ्रेरे १९९७ मध्ये वारले. तेव्हा टेकडीवरील ती शाळा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती.