सायकल शर्यतींतील घाटचढ

टप्प्याटप्प्यांनी अनेक दिवस चालणाऱ्या व्यावसायिक सायकल शर्यतीत मार्गावर येणारी लांब व सलग डोंगरी चढण. अशा शर्यतीत प्रत्येक टप्प्यास लागलेल्या वेळेची बेरीज केली जाते व सर्वांत कमी वेळ घेणारा स्पर्धक विजयी ठरतो. एकूण अंतराच्या मानाने चढणीचा भाग थोडाच असतो. तथापि स्पर्धकांतील मिनिटांचे अंतर बहुधा तेथेच पडते. चढण निसर्गनिर्मित असली, तरी तिचे शर्यतीतील मोल वेळेची मोजणी, बक्षिसे व अंतिम रेषेची जागा यांविषयीच्या नियमांनी ठरत आले आहे.

तत्त्व : सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची जवळजवळ सर्व शक्ती हवेचा रोध मोडण्यात खर्च होते. पुढील स्वाराच्या आडोशाने जाणाऱ्यास या श्रमात मोठी बचत होते, त्यामुळे घोळक्यातील सामान्य स्पर्धकही बलवान स्पर्धकाबरोबर टिकून राहतो. एका घोळक्याने अंतिम रेषा ओलांडणाऱ्या सर्वांना सारखाच वेळ दिला जातो. म्हणून सपाट टप्प्यांत एकूण क्रमवारी फारशी हलत नाही. टप्पा जिंकणाऱ्या वेगवान स्वारास अधिमूल्य म्हणून बहुधा दहा सेकंद मिळतात. चढणीवर वेग निम्म्यावर येतो आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सु. एकचतुर्थांश होतो. शेकडा ८ च्या चढणीवर रोधाचा सु. ८५ टक्के भाग गुरुत्वाकर्षणाचा असतो. तेथे आडोसा निरुपयोगी होऊन प्रत्येकास आपले वजन स्वतःच वर न्यावे लागते.

बोरघाटाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. खोपोली समुद्रसपाटीपासून सु. ६० मी., तर लोणावळे सु. ६२० मी. उंचीवर आहे. सायकलीसह ६८ किग्रॅ. व ८० किग्रॅ. वजनाच्या दोन स्वारांनी सारखीच, म्हणजे ३०० वॅट शक्ती लावली, तर केवळ ही ५६० मी. उंची चढण्यास पहिल्यास सु. २० मिनिटे ४५ सेकंद, तर दुसऱ्यास सु. २४ मिनिटे २५ सेकंद लागतील. सपाटीवर सेकंदांच्या अधिमूल्यावर समाधान मानावे लागते, तेथे एकच घाट साडेतीन मिनिटांहून अधिक फरक पाडतो. अर्थात चढण एकवटलेली असणे आवश्यक असते. गोदाकाठचे नांदेड सु. ३६० मी. उंचीवर, तर बालाघाटच्या पठारावरील लातूर त्याहून सु. २७० मी. उंच आहे. लोहा व अहमदपूर या मार्गाने जाणाऱ्या सु. १४० किमी. रस्त्यावर ही उंची इतकी विखुरली जाते, की चढ सरासरीने हजार मीटरला दोन मीटरही भरत नाही. खोपोली ते लोणावळे या सु. १५ किमी. अंतरात तो हजार मीटरला सु. ३७ मी. पडतो व शिंग्रोबाच्या देवळाजवळील जुन्या रस्त्यावर त्याहून पुष्कळच तीव्र होतो. म्हणून मराठवाड्यासारख्या प्रदेशात घोळका फोडण्याचे काम चढणीपेक्षा उघड्या माळरानावरील आडवा वाराच करू शकतो.

इतिहास : टप्प्यांच्या शर्यतींत सर्वांत प्रसिद्ध अशी तूर द फ्रांस ही शर्यत १९०३ मध्ये सुरू झाली. १९०५ मध्ये व्होज पर्वतातील बालाँ दालझास ही चढण तिच्या मार्गात आली. १९१० मध्ये संयोजक आंरी देग्रांझ यांनी पिरेनीज पर्वताचा समावेश केला. २१ जुलै रोजी ल्यूशाँ ते बायोन या ३२६ किमी. लांबीच्या टप्प्यात पेर्सूर्द, आस्पँ, तूर्माले (२,११५ मी.) व ओबिस्क या खिंडी एकामागून एक चढाव्या लागल्या. रस्ते कच्चे होते व सायकलींना गिअर बदलण्याची सोय नव्हती. टप्पा जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझ याने वाटेत संयोजकांना खुनी म्हटल्याचे सांगतात. पुढील वर्षी आल्प्समधील गालिब्ये खिंड मार्गात आली.

तथापि १९०५ ते १९१२ या काळात विजेता वेळेवरून नव्हे, तर टप्प्यांतील क्रमांकांवरून मिळणाऱ्या गुणांनी ठरत असे. डोंगरात एक मिनिट मिळवले काय किंवा अर्धा तास मिळवला काय, गुणांत फरक पडत नसे. १९१३ मध्ये वेळेची मोजणी पुन्हा सुरू झाली आणि घाटाला त्याचे खरे वजन प्राप्त झाले. त्याच वर्षी तूर्मालेच्या उतारावर यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा तुटला. दुसऱ्याची मदत घेण्यास मनाई असल्याने सायकल खांद्यावर घेऊन तो सँत-मारी-द-काँपाँ या गावापर्यंत पायी गेला व तेथील लोहाराच्या भट्टीत त्याने स्वतः दुरुस्ती केली. भाता चालविण्यास एका मुलाची मदत घेतल्याबद्दल त्यास दंड म्हणून वेळही वाढवून देण्यात आला. काही तासांच्या या खोटीमुळे त्याची विजयाची संधी गेली.

१९३३ मध्ये डोंगरी चढणींसाठी स्वतंत्र क्रमवारी सुरू झाली. पहिला विजेता स्पेनचा व्हिसेन्ते त्रुएबा अनेक खिंडींच्या माथ्यावर प्रथम पोहोचला होता. परंतु उतारावर इतर स्पर्धक त्याला गाठत, त्यामुळे एकूण क्रमवारीत तो सहावा आला. माथ्यावर मिळविलेले अंतर वाया जाऊ नये, म्हणून १९३४ पासून तेथे पहिल्या येणाऱ्यास वेळेची सूट देण्यात येऊ लागली. १९३७ मध्ये साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणाऱ्या गिअरला या शर्यतीत परवानगी मिळाली. तोपर्यंत घाटाच्या पायथ्याशी थांबून मागचे चाक उलटे बसवावे लागे. १९५२ मध्ये आल्प द्वेझ येथे प्रथमच टप्प्याची अंतिम रेषा डोंगरमाथ्यावर आखण्यात आली. सु. १४ किमी. लांबीच्या व २१ वळणांच्या या चढणीवर इटलीचा फाउस्तो कॉप्पी जिंकला. त्या वर्षीचे माथ्यावर संपणारे तिन्ही टप्पे त्यानेच जिंकले व २८ मिनिटांहून अधिक फरकाने शर्यतही जिंकली. उतार नाहीसा झाला, की चढणीवरील लाभ अबाधित राहतो, हे यावरून दिसून आले. चढणीच्या क्रमवारीतील अग्रेसरास लाल ठिपक्यांचा पांढरा सदरा देण्याची प्रथा १९७५ मध्ये पडली.

परिणाम व दोष : संघांची रचनाही घाटामुळे बदलते. सपाटीवर प्रमुख स्वारास आडोसा देणारे साहाय्यक पायथ्यापर्यंत पुरतात. त्यापुढे हलक्या अंगाचे मोजके साथीदारच त्याच्याबरोबर राहू शकतात. वजनदार वेगवान स्वार मागे एकत्र राहून ठरलेल्या मुदतीत टप्पा पूर्ण करण्याचा प्रयत्न करतात, कारण विजेत्याच्या वेळेपेक्षा विशिष्ट प्रमाणाबाहेर उशीर झाल्यास स्पर्धक बाद होतो.

निर्णायक ठरल्यामुळे घाट हाच गैरमार्गाच्या मोहाचेही स्थान झाला. १३ जुलै १९६७ रोजी मों व्हाँतू या उघड्या डोंगरावर कडक उन्हात ब्रिटिश स्वार टॉम सिंप्सन कोसळला व मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य व मद्य आढळले. लान्स आर्मस्ट्राँग याची १९९९ ते २००५ या काळातील सात विजेतेपदे २०१२ मध्ये रद्द करण्यात आली. ज्या चढणीवर स्वाराची खरी कुवत उघडी पडते असे मानले जाई, तेथील निकालही त्यामुळे संशयास्पद ठरले.

महाराष्ट्र : १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाड्यांच्या वाहतुकीस खुला झाला. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत हा घाट सर्वांत कठीण भाग मानला जातो. ही शर्यत टप्प्यांची नसून एकाच दिवसाची आहे आणि घाट मार्गाच्या साधारण मध्यावर येतो. लोणावळ्यानंतर पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किमी. रस्ता उरतो व मागे पडलेले स्वार एकमेकांच्या आडोशाने पुढच्यास गाठू शकतात. त्यामुळे घाटात पहिला येणारा पुण्यात पहिला येईलच असे नाही. त्याच्या श्रमाची स्वतंत्र नोंद ‘घाटाचा राजा’ या किताबाने होते. त्रुएबाच्या वेळी उद्‌भवलेल्या प्रश्नाचेच हे स्थानिक उत्तर होय.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्यांची शर्यत भरविण्यात आली. पश्चिमेकडील सह्याद्रीच्या चढणी व पूर्वेकडील पठारी रस्ते एकाच जिल्ह्यात असल्याने चढाई करणारे व वेगवान स्वार अशा दोहोंना वाव देणारा मार्ग येथे आखता येतो. सह्याद्रीतील घाट आल्प्सच्या मानाने बुटके आहेत. तरीही अंतिम रेषा माथ्यावर किंवा माथ्याच्या निकट ठेवल्यास तेही निर्णायक ठरू शकतात. माथा व अंतिम रेषा यांमध्ये लांब सपाटी ठेवल्यास मात्र उंच खिंडीचाही परिणाम पुसट होतो.